मोटारगाडीची खरेदी : रोख व हप्तेबंदी

नवी मोटारगाडी घेताना तिची संपूर्ण किंमत एकरकमी चुकती करणे किंवा किमतीचा काही भाग प्रारंभी भरून उरलेली रक्कम कर्जाऊ घेणे व ती व्याजासह ठराविक मुदतीत फेडणे, असे दोन मार्ग ग्राहकापुढे असतात. पहिल्यास रोख खरेदी व दुसऱ्यास हप्तेबंदीची खरेदी असे सामान्यपणे म्हटले जाते. कोणता मार्ग स्वस्त, हे केवळ मासिक हप्त्याच्या आकड्यावरून किंवा जाहिरातीतील व्याजदरावरून ठरविता येत नाही. कर्जाचा खरा वार्षिक दर, हातातील रक्कम अन्यत्र गुंतविल्यास मिळणारे उत्पन्न, रोखीच्या ग्राहकास मिळणारी सूट आणि अडीअडचणीसाठी जवळ शिल्लक राहणारा पैसा, या चार गोष्टींचा एकत्रित विचार केल्यावरच तुलना पूर्ण होते.

‘रोख’ हा शब्द येथे नोटांच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. आयकर कायद्यात १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम नोटांच्या रूपाने स्वीकारण्यास मनाई आहे आणि तिचा भंग झाल्यास स्वीकारणाऱ्यास तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. त्यामुळे गाडीची ‘रोख’ किंमत धनादेशाने अथवा बँकेतून थेट वर्ग करून दिली जाते. रोख खरेदी म्हणजे कर्जाविना एकरकमी खरेदी, एवढाच तिचा अर्थ होय.

इतिहास : टिकाऊ वस्तू हप्त्यांनी विकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत शिवणयंत्रांच्या विक्रीत सिंगर कंपनीने रूढ केली. इंग्लंडमध्ये ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ (१८९५) या पियानोच्या खटल्यातील निर्णयाने भाडेखरेदी कराराचे कायदेशीर स्वरूप स्पष्ट झाले. मोटारगाड्यांच्या बाबतीत जनरल मोटर्स कंपनीने १९१९ मध्ये स्वतःची कर्जपुरवठा करणारी संस्था स्थापन केली, ही महत्त्वाची घटना होय. त्यानंतर गाडी बनविणे व ती घेण्यासाठी पैसा पुरविणे हे दोन्ही व्यवसाय हातात हात घालून वाढले.

भारतात १९५४ मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या सुंदरम फायनान्ससारख्या संस्थांनी मुख्यतः मालमोटारी व बसगाड्यांसाठी भाडेखरेदीचा प्रसार केला. खाजगी मोटारगाडीची स्थिती मात्र वेगळी होती. परवाना पद्धतीच्या काळात उत्पादन मर्यादित होते. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीसाठी आगाऊ नोंदणी करून दीर्घकाळ थांबावे लागे. तेथे ग्राहकच उत्पादकाकडे पैसे अडकवून ठेवीत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि १९९१ नंतरच्या उदारीकरणामुळे उत्पादकांची संख्या वाढली. तसतसे हे नाते उलटले व ग्राहकाने गाडी घ्यावी म्हणून त्याला कर्ज देऊ करणाऱ्या संस्था पुढे आल्या.

भाडेखरेदी व नजरगहाण : भाडेखरेदीत शेवटचा हप्ता भरून खरेदीचा हक्क बजावीपर्यंत गाडीची मालकी वित्तसंस्थेकडे राहते व ग्राहक कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू असतो. नजरगहाण पद्धतीत गाडी प्रारंभापासून ग्राहकाच्या मालकीची व ताब्यात असते. धनकोचा तिच्यावर बोजा असतो. बँकांची आजची मोटारकर्जे सामान्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडतात. भाडेखरेदीचे नियमन करण्यासाठी १९७२ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला होता. परंतु तो कधीच अंमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. बोजाची नोंद मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५१व्या कलमानुसार गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रात केली जाते आणि ती असेपर्यंत धनकोच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

खर्चाचे घटक : गाडीची दुकानातील किंमत, तीत अंतर्भूत असलेला वस्तू व सेवा कर, राज्याचा मोटार वाहन कर, नोंदणी शुल्क आणि विमा हे खर्च दोन्ही मार्गांत समान असतात. नव्या खाजगी मोटारगाडीस तीन वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा १ सप्टेंबर २०१८ पासून अनिवार्य आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा नाही. कर्ज असेपर्यंत मात्र धनको तो उतरविण्याची अट घालतो. कर्जाच्या मार्गात याशिवाय प्रक्रिया शुल्क, करारावरील मुद्रांक शुल्क व बोजानोंदीचे शुल्क यांची भर पडते. कर्जाबरोबर जीवनविमा किंवा अन्य सेवा जोडून दिल्यास त्यांचा हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळविला जातो व त्यावरही व्याज चढते.

व्याजाचा खरा दर : व्याज आकारण्याच्या दोन रीती आहेत. घटत्या शिलकीच्या रीतीत प्रत्येक महिन्यास प्रत्यक्ष शिल्लक असलेल्या मुद्दलावरच व्याज आकारतात. सपाट दराच्या रीतीत मूळ मुद्दलावर संपूर्ण मुदतीचे व्याज आरंभीच काढून ते हप्त्यांत विभागतात. उदा., सहा लाख रुपयांचे कर्ज पाच वर्षांसाठी द. सा. द. शे. ९ दराने घटत्या शिलकीवर घेतल्यास मासिक हप्ता सु. १२,४५५ रु. येतो आणि एकूण व्याज सु. १,४७,३०० रु. होते. हाच ९ टक्के दर सपाट असल्यास व्याज २,७०,००० रु. व हप्ता १४,५०० रु. होतो. दुसऱ्या कर्जाचा खरा दर घटत्या शिलकीच्या हिशोबाने सु. १५.७ टक्के पडतो. याचे कारण असे, की ऋणको दरमहा मुद्दल फेडीत असल्याने सर्व मुदतीत सरासरीने निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम तो वापरतो. व्याज मात्र पूर्ण रकमेवर देतो.

हा फरक ग्राहकास दिसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकान्वये १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदतकर्जांसाठी ‘प्रमुख तथ्य विवरण’ देणे बंधनकारक केले. त्यात व्याज व शुल्के धरून काढलेला वार्षिक टक्केवारी दर नमूद करावा लागतो. दोन कर्जांची तुलना याच दराने करणे योग्य ठरते.

मुदत लांबविल्याने हप्ता हलका वाटतो. पण व्याज वाढते. वरील सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनीच सात वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सु. ९,६५३ रु. इतका उतरतो. दरमहा सु. २,८०० रु. कमी द्यावे लागतात. तथापि एकूण व्याज सु. २,१०,८५० रु. होते, म्हणजे सु. ६३,५०० रुपयांनी अधिक. शिवाय या अवधीत गाडीचे मूल्य घसरत असते. विम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रूढ कोष्टकानुसार चार वर्षांहून जुन्या व पाच वर्षांपर्यंतच्या गाडीवर ५० टक्के घसारा धरतात. प्रारंभिक भरणा अल्प व मुदत दीर्घ असल्यास एखाद्या टप्प्यावर कर्जाची बाकी गाडीच्या मूल्याहून जास्त राहू शकते. अशा वेळी गाडी विकूनही कर्ज फिटत नाही.

रोख व कर्ज यांची तुलना : पुष्कळदा पुढील युक्तिवाद केला जातो. ग्राहकाजवळ आठ लाख रुपये आहेत व गाडीची एकूण किंमत तेवढीच आहे. त्याने दोन लाख भरून सहा लाखांचे वरील कर्ज घेतले आणि जवळचे सहा लाख ७ टक्के दराने पाच वर्षे मुदत ठेवीत ठेवले, तर व्याजावर दरमहा व्याज धरून ठेवीचे सु. ८,५०,६०० रु. होतात. ठेवीवर मिळालेले व्याज अडीच लाख आणि कर्जावर दिलेले व्याज दीड लाखाहून कमी. तेव्हा कर्ज घेऊन लाख रुपयांचा लाभ झाला, असा निष्कर्ष काढतात.

हा निष्कर्ष चुकीचा आहे. ९ टक्क्यांनी घेतलेला पैसा ७ टक्क्यांनी ठेवून लाभ होणे शक्य नाही. चूक अशी, की ठेव पाच वर्षे अखंड वाढते, तर कर्जाचे मुद्दल दरमहा घटते. आणि ते फेडणारे १२,४५५ रु. ग्राहकाच्या अन्य उत्पन्नातून जातात, हे हिशोबात धरलेले नसते. रोख खरेदी करणाऱ्याचे हे १२,४५५ रु. दरमहा मोकळे राहतात. ते त्याने त्याच ७ टक्के दराने आवर्ती ठेवीत भरल्यास पाच वर्षांनी त्याच्याजवळ सु. ८,९१,७०० रु. जमतात. म्हणजे रोख खरेदीदार सु. ४१,१०० रुपयांनी पुढे राहतो. ठेवीचे व्याज आयकरास पात्र असल्यास हे अंतर वाढते; कारण खाजगी वापराच्या गाडीवरील कर्जाच्या व्याजास करात वजावट नाही. गाडी व्यवसायासाठी वापरणाऱ्या व प्रत्यक्ष खर्चावर आधारित हिशोब सादर करणाऱ्या व्यापाऱ्यास व्याज खर्ची टाकता येते. त्याच्यापुरते हे अंतर कमी होते.

यावरून सामान्य नियम असा निघतो : कर्जाचा सर्व शुल्कांसह खरा दर करोत्तर ठेवदराहून जास्त असेल, तर रोख खरेदी स्वस्त, कमी असेल, तर कर्ज स्वस्त. मात्र रोख खरेदीचा लाभ पदरात पडण्यासाठी वाचलेला हप्ता खरोखर बाजूला टाकला पाहिजे. तो दैनंदिन खर्चात विरून गेल्यास पाच वर्षांनंतर ग्राहकाजवळ जुनी गाडी उरते आणि शिल्लक काहीच नसते. कर्जाचा हप्ता सक्तीने फेडला जातो, बचतीचा हप्ता स्वेच्छेने भरावा लागतो, हा व्यवहारातील फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अल्प वा शून्य व्याजाच्या योजना : रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना उद्देशून काढलेल्या परिपत्रकात शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे स्पष्ट केले होते. अशा योजनांतील व्याज सामान्यतः उत्पादक किंवा विक्रेता सोसतो आणि रोखीच्या ग्राहकास देता आली असती ती सूट त्यासाठी वापरतो. समजा, आठ लाखांच्या गाडीवर एकरकमी खरेदीस ४०,००० रु. सूट आहे, किंवा तिच्याऐवजी सहा लाखांचे कर्ज छत्तीस समान हप्त्यांत बिनव्याजी मिळते. कर्ज घेणारा वस्तुतः ५,६०,००० रुपयांच्या सवलतीपोटी सहा लाख फेडतो व त्याचा खरा दर सु. ४.५ टक्के पडतो. ६,००० रु. प्रक्रिया शुल्क मिळविल्यास तो सु. ५.२५ टक्क्यांवर जातो. ७ टक्के ठेवदरावर २० टक्के आयकर गेल्यास ५.६ टक्के उरतात. तेव्हा हे कर्ज बिनव्याजी नसले, तरी रोख खरेदीहून किंचित स्वस्तच ठरते. सूट याहून मोठी असल्यास निर्णय उलटतो. म्हणून विक्रेत्याकडून गाडीची रोखीची अंतिम किंमत प्रथम लेखी घेऊन मगच कर्जाची बोलणी करणे इष्ट असते.

हंगामी उत्पन्न व हिंगोली जिल्हा : वरील सर्व हिशोब ग्राहकाचे उत्पन्न दरमहा सारखे येते, असे गृहीत धरतात. नोकरदारांबाबत ते खरे आहे. शेतीप्रधान भागात मात्र नाही. मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा हे याचे चांगले उदाहरण होय. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. सोयाबीन व हळद ही येथील महत्त्वाची नगदी पिके आहेत. हिंगोली व वसमत येथील बाजार समित्या हळदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असून वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जिल्ह्यातील गाड्यांच्या नोंदणीस ‘एमएच ३८’ हा संकेत आहे.

सोयाबीनचा पैसा साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाती येतो. हळद मे-जूनमध्ये लावली जाते. सुमारे नऊ महिन्यांनी काढून, शिजवून, वाळवून व पॉलिश करून ती मार्च ते मे या काळात बाजारात जाते. अशा रीतीने हळद व सोयाबीन घेणाऱ्या कुटुंबाकडे वर्षातून दोनदा मोठी रक्कम येते आणि जून ते सप्टेंबर हे महिने पेरणी, खते, फवारणी व मजुरी यांच्या खर्चाचे असतात. मोटारकर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने कापला जातो. ट्रॅक्टरसारख्या शेतीच्या वाहनांना पीकहंगामानुसार सहामाही वा वार्षिक हप्ते दिले जातात. खाजगी मोटारगाडीस ही सोय सहसा नसते.

यामुळे दोन वेगवेगळे धोके उद्भवतात. पहिला कर्जाचा : खात्यात शिल्लक नसल्याने पावसाळ्यातील हप्ता परत गेल्यास बँकेचे शुल्क व दंड बसतो आणि पतनोंद बिघडते, पुढे शेतीसाठी कर्ज मागताना हीच नोंद आडवी येते. दुसरा रोख खरेदीचा : हळदीचे सर्व पैसे गाडीत घातले आणि त्यानंतर पाऊस लांबला, पीक गेले किंवा घरात आजारपण आले, तर हाती काही राहत नाही. खाजगी सावकाराकडून शेकडा दरमहा तीन रुपये व्याजाने एक लाख रुपये वर्षभरासाठी घेतल्यास ३६,००० रु. व्याज होते. वरच्या उदाहरणात रोख खरेदीने पाच वर्षांत झालेला ४१,१०० रुपयांचा लाभ असे एकच कर्ज जवळजवळ पुसून टाकते. गाडी हे संकटसमयी चटकन व पूर्ण मोलाने विकले जाणारे धन नव्हे. म्हणून एक संपूर्ण हंगाम बुडाला तरी पेरणी व घरखर्च भागेल इतकी रक्कम बाजूला ठेवल्यानंतर जे उरते, तेवढेच रोख खरेदीसाठी उपलब्ध आहे असे समजणे सुरक्षित असते. स्वस्त पीककर्जाचा पैसा गाडीकडे वळविणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ते कर्ज पिकासाठीच असते आणि वेळेवर फेड न झाल्यास त्यावरील व्याजसवलत जाते.

मधला मार्ग : हंगामी उत्पन्नाच्या कुटुंबास प्रारंभिक भरणा मोठा ठेवून लहान कर्ज घेणे आणि पिकाचा पैसा येताच त्याची अंशतः मुदतपूर्व फेड करणे, हा मार्ग पुष्कळदा सोयीचा पडतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घेण्याची प्रथा आहे. त्या सुमारास सोयाबीनची काढणी चालू असते व पैसा यावयाचा असतो. समजा, त्या वेळी वरील सहा लाखांचे पाच वर्षांचे कर्ज घेतले. सहा हप्त्यांनंतर बाकी सु. ५,५१,४०० रु. राहते. हळद विकून तीत दोन लाख भरले व हप्ता तोच ठेवला, तर उरलेले ५४ हप्ते ३२ वर येतात आणि सु. ७६,००० रु. व्याज वाचते. त्याच वेळी पुढील वर्षाच्या हप्त्यांची रक्कम, म्हणजे सु. १,४९,५०० रु., वेगळ्या खात्यात ठेवल्यास पावसाळ्यात हप्ता चुकत नाही.

मुदतपूर्व फेडीवर आकार आहे की नाही, हे कर्ज घेण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. वैयक्तिक ऋणकोंच्या बदलत्या दराच्या बिगरव्यावसायिक मुदतकर्जांवर असा आकार घेण्यास बँकांना २०१४ पासून मनाई आहे. स्थिर दराच्या कर्जावर मात्र करारानुसार आकार पडू शकतो आणि तो बराच असल्यास वरील लाभ घटतो.

ऋणकोचे संरक्षण : हप्ते थकल्यास करारानुसार गाडी ताब्यात घेण्याचा हक्क धनकोस असतो, पण त्यासाठी बळाचा वापर करता येत नाही. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर (२००७) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंडांचा वापर करण्याची रीत निषेधार्ह ठरविली. वसुली अभिकर्त्यांनी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर ऋणकोस दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. थकबाकीवरील दंड हा शुल्क म्हणूनच आकारावा, त्यास व्याजाचे रूप देऊ नये व त्यावर पुन्हा व्याज चढवू नये, असा तिचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे.

कर्ज संपूर्ण फिटल्यावर धनकोकडून बेबाकी प्रमाणपत्र व बोजा समाप्तीचा नमुना क्र. ३५ घेऊन परिवहन कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्रावरील बोजा उतरवून घेणे आवश्यक असते. ती नोंद तशीच राहिल्यास गाडी विकताना अडचण येते. विमापत्रातही धनकोचे नाव कायम राहते व नुकसानभरपाईचा प्रथम हक्क त्याच्याकडे असल्याचे दिसते. विमापत्रातील हे नावही त्याच वेळी कमी करून घ्यावे लागते. रोख खरेदीदारास या सर्व बाबींची गरज पडत नाही. त्याची गाडी पहिल्या दिवसापासून बोजारहित असते.